बरणीतला तारा

"बाई, गुरुत्वाकर्षण तर ढवळायच्या आधीही होतं ना?"

सुनंदाने हे विचारलं तेव्हा इन्स्पेक्शनला आलेले साहेब मागच्या बाकावर वही उघडून बसले होते. हेडसर दारात उभे होते. टेबलावर लोणच्याची काचेची बरणी होती, बरणीत पाणी, पाण्यात चहाचा चोथा. वर्ग नववी ब, शाळा नाशिक रोडची. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. ती होणार की नाही, हे साहेबांच्या शेऱ्यावर होतं.

आमच्याकडे इन्स्पेक्शनच्या पाठाची तालीम होते. कोणता प्रश्न कोणी विचारायचा, उत्तर कोणी द्यायचं, सगळं ठरतं. मला हे पटत नव्हतं. माझे वडील अंधश्रद्धाविरोधी सभांमधून पत्रकं आणायचे. "विचारा, तपासा, मग माना" हे मी पाढ्यांच्या आधी वाचलेलं. तसं मी हेडसरांना सांगितलंही. ते म्हणाले, "पत्रकं घरी वाचा, बाई. आधी कायम व्हा." मी चार दिवस तालीम घेतली.

पाठ होता ताऱ्यांच्या जन्माचा. अवकाशात वायू आणि धूळ यांचे प्रचंड ढग असतात. त्यातला प्रत्येक कण दुसऱ्याला ओढतो. हेच गुरुत्वाकर्षण. ढग थंड असला की ही ओढ जिंकते आणि तो आत ढासळू लागतो. हे दाखवायला मी बरणी ढवळायचे. चोथा तळाशी मधोमध गोळा व्हायचा. "कशामुळे?" वर्ग एका सुरात म्हणायचा, "गुरुत्वाकर्षणामुळे!"

सुनंदा मामाच्या लग्नाला मालेगावला गेली होती. तालीम बुडवून इन्स्पेक्शनच्या दिवशीच आली होती.

हेडसर खाकरले. ते खाकरणं मला ओळखीचं होतं: मुलीला बसवा. पण तिचं बरोबर होतं: ओढ आधीही होती, चोथा मात्र ढवळल्यावरच गोळा झाला. चोथ्याच्या कणांची एकमेकांवरची ओढ इतकी क्षीण की बरणीत ती दिसणारच नाही. चोथा गोळा झाला होता फिरणाऱ्या पाण्यामुळे. तळाशी पाणी काचेला घासून मंदावतं आणि मध्याकडे वाहतं, सोबत चोथा नेतं. चार दिवस मी चुकीचं शिकवलं होतं आणि बेचाळीस मुलांकडून ते पाठ करून घेतलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "बरणीत तारा होत नाही."

मग मला एकदम पंप आठवला. शिपाई कोंडाजीकाकांच्या सायकलचा पंप मागवला. सुनंदाला पुढे बोलावलं, पंपाचं तोंड बोटाने बंद करायला लावलं आणि मी जोरात दांडा मारू लागले. वीसेक दाबांनंतर तिला नळीचा खालचा भाग धरायला सांगितला.

"तापलंय की, बाई!"

सगळा वर्ग टेबलाभोवती जमला. प्रत्येकाला हात लावून बघायचा होता. मी दांडा मारत, धापा टाकत बोलत होते. हवा दाबली की तापते. ढगाचा वायूही असाच दाबला जातो, असाच तापतो.

"पण तिथे दांडा कोण मारतं?" मी विचारलं.

मग शेवटच्या बाकावरचा रमेश, जो तालमीत कधी तोंड उघडत नसे, हळूच म्हणाला, "त्याचं तोच. स्वतःच्याच वजनानं."

मला नाचावंसं वाटलं. अगदी हेच! स्वतःच्या वजनाने दबत दबत गाभा इतका तापतो की हायड्रोजनचे अणुगर्भ जुळून हेलियम होतो. प्रचंड ऊर्जा सुटते. आतून बाहेर रेटा, बाहेरून आत ओढ. दोन्ही बरोबरीत आले की तारा स्थिर झाला. आपला सूर्य आज त्याच बरोबरीत उभा आहे.

घंटा झाली तरी कोणी हललं नाही. साहेबांनीही जाता जाता नळीला हात लावून पाहिला.

शेरा आठवड्याने आला: 'पूर्वतयारी अपुरी. विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम.' हेडसरांनी पहिलं वाक्य दोनदा वाचून दाखवलं. माझं कायम होणं वर्षभर लांबलं.

त्या वर्षात मी एकाही पाठाची तालीम घेतली नाही. प्रयोग मात्र आधी घरी करून बघू लागले, आणि जे दिसतं त्याचं दुसरं कारण असू शकेल का, हे स्वतःला विचारू लागले. पुढच्या इन्स्पेक्शनला तोच पाठ घेतला, फक्त पंप घेऊन. कायम झाले.

बरणी घरी नेली. सध्या तिच्यात लोणचं आहे.