मोहितेकाकांची जोडीदारीण

आता काय सांगू तुम्हाला, पत्त्यांपायी सासुरवाडीत माझी जी शोभा झाली! हसायचं तर हसा, मी नाही लाजत.

माझे सासरे, म्हणजे मामा, फौजेतून रिटायर होऊन साताऱ्यात राहतात. ते आणि त्यांचे सात फौजी दोस्त रोज दुपारी मंडळाच्या खोलीत मेंढीकोट खेळतात. दोघादोघांच्या जोड्या, आणि जोडीदारावरून रोज भांडण. मोहितेकाका हुकूम कुठं वाया घालवतील याचा नेम नाही, म्हणून त्यांच्यासोबत कुणालाच बसायचं नसतं.

मी पडलो कॉम्प्युटरवाला जावई. म्हटलं, "मामा, सात डावांत प्रत्येकजण प्रत्येकाचा जोडीदार! प्रोग्रामच लिहितो."

"बघा बरं पाव्हणं. फौजी माणसं हायत, चुकलात तर मैदानाला फेऱ्या मारायला लावत्याल."

"कॉम्प्युटर चुकतो होय?"

आठही आडनावं टाकली, बटण दाबलं, यादी ग्रुपवर सोडली. पहिला डाव: चार जोड्या, आठ नावं. एकदम चोख!

दुपारी जातो तर खोलीच्या दारात मोहितेकाकू! फोन थेट माझ्या नाकासमोर. त्यावर लिहिलेलं: 'मोहिते – विश्रांती'.

"कोण वो ही विश्रांती?"

"आगं देवाशपथ, मला न्हाई ठावं!" काका आतून ओरडले.

"तुमी गप ऱ्हावा! माझ्यासंगं कवा एक डाव खेळला न्हाईत, आन् आता विश्रांती पायजे व्हय?"

"काकू, ती बाई नाही हो! माणसं विषम झाली की एकाला जोडीदार उरत नाही. त्याच्यापुढे प्रोग्राम 'विश्रांती' लिहितो. मीच तसं सांगून ठेवलंय."

"पर आमी आठ हाय की गड्या!" काका म्हणाले. "आठ कवापासनं इषम झालं?"

"काका, प्रोग्राम सात म्हणतोय, म्हणजे सातच! मोजून घ्या!"

फौजीच ते! खाडकन रांगेत उभे राहिले आणि नंबर दिले. "एक! दोन! तीन!" थेट "आठ!"

मी नावं पडताळायला लागलो. मोहिते, पवार, जाधव... शेवटी ड्रायव्हर शिंदेकाका. यादी संपली आणि रांगेत एक माणूस उरला.

माझे सासरे. तेही शिंदेच! प्रोग्रामनं दोन शिंदे एकच धरले होते, आणि मी चोख मोजलेलं आठवं नाव होतं 'विश्रांती'!

मामा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, पोरगी दिली तवा नाव-गाव समदं नीट सांगितलं व्हतं की वो."

अख्खी खोली हसायला लागली. काकूसुद्धा!

तरी मी आजही छातीठोक सांगतो, प्रोग्रामची काही चूक नव्हती. एकदा आलेलं नाव पुन्हा घ्यायचं नाही, असं मीच त्याला बजावलं होतं. बिचाऱ्यानं माझं ऐकलं, एवढाच काय तो त्याचा गुन्हा!