बोटांची खोड

पन्नाशी ओलांडली आणि मी दुकानात दोनदा चक्कर येऊन पडलो. एकदा तर थेट तेलाच्या डब्यांवर. नाडी लई हळू चालते म्हणून अंबाजोगाईला दवाखान्यात डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवायचं ठरलं. त्याची तार पार काळजात जाणार. अख्ख्या केजात बोभाटा झाला, शेटजींच्या छातीत बॅटरी बसवणार!

ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले, "गळ्यातलं काढा." मी भडकलोच. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात लहानपणी लिंग पडतं ते मेल्यावरही सोबत जातं. आदल्या साली बायको गेली, तिचं तिच्याबरोबर मातीत गेलं. "जीव गेला तरी काढणार न्हाई!" डॉक्टर शांत होते. म्हणाले, "दोरा घासून जखम चिघळली तर यंत्र काढावं लागेल. दुसरं आणायचं कुठून?" शेवटी चांदीच्या डबीसकट लिंग उजव्या दंडाला बांधलं. देवाची काही तक्रार नव्हती.

जखम झकास भरली. पण तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी एकदम माझा हात धरला. "हे काय चाललंय?"

माझी बोटं कातडीखालचं यंत्र गोल फिरवत होती, आणि मला पत्ताच नाही! जन्माची खोड. विचारात पडलो की छातीवरची डबी चाळवायची. डबी दंडावर गेली, तर बोटांनी तिथंच दुसरी शोधली होती.

"असं फिरवलंत तर तार गुंडाळून निसटेल. पुन्हा पडाल, आणि मग उठायची खात्री नाही. घरच्यांना सांगा, हात गेला की टोका."

घरच्यांना! पोरी आपापल्या सासरी. गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं, तर गावाला चेवच आला. "ओ शेटजी, हात!" साखर तोलू की हात सांभाळू? पण शटर ओढलं की कोण टोकणार? नवीन केबल घेतली होती. टीव्हीसमोर एकटा जेवायचो आणि हात हळूच वर जायचा. लई भ्या वाटायचं. मरणाचं तेवढं नाही. मेलो तर दुकान उघडलं नाही म्हणूनच लोकांना कळणार, त्याचं.

मग मीच मोठ्यानं ओरडायला लागलो, बायकोच्या ठेक्यात. "अवो, हात काढा की तिथनं!" ती असंच खेकसायची. हात मुकाट्यानं खाली यायचा. पुढं पुढं मी उत्तरही द्यायला लागलो. "काढला की, बाई."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. तार जागच्या जागी. खूश झाले. "कोण लक्ष ठेवतं घरी?"

"घरची," तोंडातून निघून गेलं.

"चांगल्या कडक आहेत! पुढच्या वेळी घेऊन या त्यांना. मला भेटायचंय."

"आणतो की," मी म्हणालो.