न मेलेल्या सात पोरी

‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण ज्याने केली त्याने नंदुरबारचा दोधू शिंपी पाहिला नसणार. उरलेली चिंधीसुद्धा तो गिऱ्हाइकाला घडी करून परत द्यायचा. उधारी मागताना त्यालाच घाम फुटायचा. असल्या माणसाच्या हातून काय पाप व्हायचं? पण झालं, आणि तेही गणितातून.

दोधूचं शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे मराठी सातवी. पुढे बाप वारला आणि कापडवाल्याच्या ओट्यावरचं मशीन त्याच्या पायाखाली आलं. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली त्याची एकुलती एक पोर, वेणू, चार वर्षांची होऊन गेली. त्यानंतर दोधू आणि रुखमाबाईला मूल झालं नाही. पोर का गेली हे त्याने कुणाला विचारलं नाही. पण हे आधी कळलं असतं का, एवढं मात्र त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

अशात स्टेशनमास्तरांची बदली झाली. कोट नीट करून दिला म्हणून त्यांनी सामान आवरताना एक जाड इंग्रजी पुस्तक दोधूला देऊन टाकलं. विम्याच्या गणिताचं पुस्तक होतं ते. शिंप्याला असलं पुस्तक म्हणजे गाढवापुढे गीता, असं सगळे म्हणाले. दोधूने इंग्रजी मुळाक्षरं गिरवली, जुनी डिक्शनरी विकत घेतली आणि शब्द शब्द फोडत पहिलं पान आठ दिवसांत लावलं. त्यात लिहिलं होतं की कोण मरेल हे कुणालाच सांगता येत नाही, पण किती मरतील हे सांगता येतं. हे वाक्य त्याच्या मानगुटीवर बसलं ते कायमचंच.

पुढची सहा-सात वर्षं त्याने कशी काढली ते त्याचं त्याला माहीत. चक्रवाढ व्याज शाळेत झालं होतं. लॉगरिदमची कोष्टकं त्याने पुस्तकाच्या मागच्या पानांवरून घोकली. मधेच एक लांबुडकी, वाकडी खूण आली. दोधूला वाटलं, हा हूक चुकून छापला गेला असणार. वर्षभर तो त्या हुकाला अडून बसला. मग एके दिवशी कळ्यांचा घागरा बेतताना त्याचा हात थांबला. कळ्या जितक्या अरुंद तितका घेर गोल. अशा मोजता न येणाऱ्या बारीक कळ्या जोडत गेलं की जी बेरीज होते, तीच ही खूण. त्या दिवशी तो घागरा वेळेवर गेला नाही. शिंप्याचा वायदा खोटा, हे ऐकून घ्यायची पाळी दोधूवर तेवढी एकदाच आली.

विद्या आली की ती वापरावीशी वाटते. शिंपी समाजात पोरीच्या लग्नाला दरवेळी बापाची फरफट व्हायची. दोधूने पंच चुनीलालबापूंपुढे कन्या फंड मांडला. पोरीच्या नावाने महिना चार आणे भरायचे, लग्नाला ऐंशी रुपये मिळतील. मधेच पोर गेली तर तिचे पैसे फंडात राहतील, राहिलेल्या पोरींच्या कामी येतील. शेवटची अट ऐकून कुणी हूं की चूं केलं नाही. मेलेल्या पोरीचे चार आणे परत मागायला कोणाचा हात पुढे होणार होता?

पण ऐंशी रुपये द्यायचे तर किती पोरी जाणार हे आधी ठाऊक हवं. पुस्तकातली कोष्टकं विलायतेतली. तिथल्या पोरी कशा जगतात-मरतात ते इथे काय कामाचं? दोधू घरोघर फिरला. आता बाईला तोंडावर ‘लेकरं किती?’ विचारणं म्हणजे दृष्ट लावणं. शिंप्यांच्या घरी विचारायची रीत वेगळी होती. टोपडी किती शिवली, आणि नदीला किती दिली? गेलेल्या लेकराचं टोपडं पाण्यात सोडतात, त्यावरून ती बोली. बाया पदर पुढे ओढून सांगत गेल्या. दोधूने सगळं जुळवलं आणि आकडा आला. फंडात नावं घातलेल्या चाळीस पोरींपैकी अकरा लग्नाआधी जाणार होत्या.

हा आकडा त्याने कुणाला सांगितला नाही, रुखमाबाईलाही नाही. फंड सुरू झाला, आणि दोधूची झोप गेली.

ओट्यासमोरच्या गल्लीत त्या पोरी खेळायच्या. दोधू मशीन चालवता चालवता मान वर करी आणि मनात येई, ह्यांतल्या अकरा. कोणती खोकली की त्याचा पाय थांबे. एखादीचं नवं परकर-पोलकं शिवायला आलं की तो माप दोनदा घेई. ही वापरून फाडील का हे, की घडीवरच राहील? देवाने कोण मरणार ते स्वतःकडे ठेवलं आणि किती ते दोधूच्या गळ्यात बांधलं. अर्धी विद्या अडाणीपणापेक्षा वाईट, दुसरं काय!

पहिल्या तीन वर्षांत चार पोरी गेल्या. दोधू प्रत्येक मयतीला खांदा पाडून चालला. मग मात्र मरण जणू गल्लीची वाट विसरलं. वर्षं चालली, पोरी उंच होत गेल्या, लग्नं लागू लागली, ऐंशी-ऐंशी रुपये घरोघर पोचू लागले. दोधूचं नाव झालं. शहाद्याच्या शिंप्यांनी त्याला फंड समजावून घ्यायला बोलावलं. आणि दोधू आतल्या आत वाळत गेला, कारण एव्हाना अकरा जायला हव्या होत्या, गेल्या होत्या चारच. त्या सात जणींच्या वाटचे पैसे फंडात नव्हते. असंच चाललं तर शेवटच्या पोरींच्या हातावर काही पडणार नव्हतं.

त्याच वर्षी निर्मलाला मुदतीचा ताप भरला. निर्मला रेवजीची पोर. रेवजी दोधूच्या शेजारी त्याच ओट्यावर बसून काजं-बटणं करायचा, पंचवीस वर्षांचा सोबती. पोर बारा वर्षांची, अंथरुणात दिसेनाशी झाली होती. दोधू रोज दुपारी काम टाकून तिच्या उशाशी बसे. रेवजी म्हणे, “दोधूभाऊ, तू शे म्हनीसन धीर शे.”

आणि दोधूच्या डोक्यात काय चाललं होतं? ही गेली तर सातातली एक कमी होईल. हे त्याने ठरवून आणलं नव्हतं. ते आपलं आपण आलं. बेरीज आधी झाली आणि दुःख मागून आलं. आपण कुठे बसलोय हे त्याला कळलं. पाणी आणतो म्हणून तो उठला तो थेट घरी गेला.

निर्मला वाचली. ताप उतरल्याच्या दिवशी रेवजीने गूळ वाटला. दोधू तो गूळ मुठीत धरून घरी आला. रुखमाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती.

“निर्मली बरी हुयनी,” तो म्हणाला.

“मंग तोंड का बरं असं?”

“माले आनंद नही हुयना, रुखमा.”

मग त्याने सगळं सांगितलं. अकराचा आकडा, चार गेलेल्या, सात राहिलेल्या, उशाशी बसून केलेली वजाबाकी. रुखमाबाईची भाकरी तव्यावर करपली.  मग तिने एवढंच विचारलं, “कितल्या मरतीन, हाऊ हिसाब तुम्हीन कसा काढा?”

“घरोघर इचारं. टोपडा कितला शिवात, नदीले कितला दिधात.”

“आनि जगेल पोरीनं टोपडं धाकलीले घालतस, हाई तुमले कोनी सांगं नही?” रुखमाबाईचा आवाज एकदम चढला. “मन्ही मायना घरमां आम्ही चारी बहिणी एकच टोपडामां वाढनूत. नदीले देतस ते मात्र दरखेपले नवं ऱ्हास.”

दोधू जागीच बसला. बायकांचा कारभार, त्याच्या घरी एकच पोर झालेली, कुणी त्याला सांगणार कोठून? जगलेल्या चार जणी एका टोपड्यात मोजल्या गेल्या होत्या, आणि मेलेली प्रत्येक जण स्वतंत्र. गणित बरोबर होतं. पोरीच कमी धरल्या होत्या. त्या सात जणी कधी मरणारच नव्हत्या. दहा वर्षं तो ज्यांची वाट बघत होता त्या मयती झाल्याच नसत्या. त्याला हसू आलं की रडू, ते रुखमाबाईला कळलं नाही. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, “पंचले सांगी टाका.”

अमावास्येला पंच बसले. दोधू उभा राहिला. हप्ता वाढवावा लागेल, नाहीतर शेवटच्या पोरींना पैसे पुरणार नाहीत, असं त्याने सांगितलं. का, म्हणून चुनीलालबापूंनी विचारलं. सावरून घेता आलं असतं. व्याज कमी झालं म्हणाला असता तर कोण तपासणार होतं? पण दोधूच्या जिभेला ते वळण नव्हतं.

“मन्हा हिसाब चुकना, बापू. मी समजनू त्यानापेक्षा पोरी जास्त जगन्यात.”

 कुणीतरी हसायला गेलं आणि थांबलं. रेवजी हळूच उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“म्हंजे इतला वरीस,” तो म्हणाला, “तू आमन्या पोरी मारीसन बठेल व्हता.”

 हप्ता वाढला, फंड तगला, सगळ्या पोरींना ऐंशी रुपये मिळाले. कमी पडले ते दोधूने शिलाईतून भरले. रेवजीने दुसरा ओटा धरला आणि पुढे निर्मलाच्या लग्नाचं बोलावणं रुखमाबाईच्या नावाने आलं.

लग्न होऊन नवापूर, शहादा, कुठे कुठे गेलेल्या त्या पोरी सणाला माहेरी येत. गल्लीतून जाताना एखादी ओट्यापाशी थांबे, कडेवरचं मूल दाखवी, “दोधूकाका, बरं शे का?” म्हणून विचारी. दोधू मान खाली घालूनच बरं शे म्हणे. त्या सात जणी कोणत्या हे त्याला कधी कळणार नव्हतं, म्हणून एकीच्याही तोंडाकडे त्याला बघता आलं नाही.