वंदनासाठी आलेले निरोप

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. सांगायला माणसं नव्हती असं नाही. घरात बायको आहे, शाळेतले जुने सहकारी आहेत, झाईला मेहुणा आहे. पण ज्यांना सांगायला हवं त्यांच्यापासूनच तर लपवलंय. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असलात तर एक चांगला माणूस म्हणूनच ओळखत असाल — आणि तीच खरी अडचण आहे.

तलासरीकडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. घर कोसबाडजवळ, चिकूची छोटी वाडी, वाडीच्या टोकाला पंपाची खोली. घरात मी आणि वंदना. मूलबाळ नाही. आम्ही भांडायचो नाही, पण बोलायचोही बेताचंच. जेवण झालं का, वीज आली का, उद्या शाळा आहे का. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असंच असतं, असं मी धरून चाललो होतो.

एकदा दहावीच्या पालकांची सभा होती. मी तावातावाने बोलत होतो, मुलांच्या हातातला मोबाईल काढून घ्या, मुलांचं चित्त थाऱ्यावर नाही, वगैरे. आणि माझ्याच खिशातला फोन वाजायला लागला. बंद करता करता हातातून सटकला, खाली पडला आणि खाली पडूनही वाजतच राहिला. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "सर, आधी तुमचा काढा!" सगळा वर्ग हसला. मुलंही.

माझे कान तापले. मी फोन उचलला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, आजपासून हा शाळेच्या कामाला दिला. मी साधा बटणाचा फोन वापरणार.

टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या — काय सांगू तुम्हाला. माझ्यासाठी त्याआधी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

पहिले काही आठवडे खरंच बरे गेले, हे खोटं नाही. वह्या मन लावून तपासल्या. मुलांना एक युक्ती दिली: अभ्यास करताना डोक्यात काहीबाही प्रश्न आला की लगेच शोधायला जायचं नाही, चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, संध्याकाळी बघायचा. कुतूहल वाईट नाही, त्याला थांबायला शिकवा, असं मी सांगायचो. मुलांना ते आवडलं. दुसऱ्या शाळांनी बोलावलं. डहाणूला बोललो, वाढवणला बोललो. लोक मला 'मोबाईल सोडलेले सर' म्हणायला लागले.

मग एका भाषणानंतर चहा पिताना कोणीतरी हसत विचारलं, "पण सर, घरी मॅडमकडे असेलच की?"

एवढंच. त्या माणसाच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनाला मात्र ते लागलं.

वंदनाचा फोन म्हणजे काय होता, ते आधी सांगायला हवं. तिची धाकटी बहीण हेमा, सीमेपलीकडे गुजरातेत उंबरगावला दिलेली. रोज दुपारी दोघींचा व्हिडिओ कॉल. हेमा तिकडे फोन डब्याला टेकवून ठेवायची आणि रोटल्या करायची, वंदना इकडे बोंबील साफ करायची. बोलणं काही मोठं नसायचं. अर्धं मराठी, अर्धं गुजराती, मध्येच भांड्यांचा आवाज. कधी कधी दोघी गप्पच असायच्या, पण फोन चालूच. सुट्टीच्या दिवशी मी ते ऐकायचो. ओसरीवरून ऐकलं तर वाटायचं, हेमा आतच बसलीय.

मी वंदनाला म्हटलं, लोक नावं ठेवतील. ती म्हणाली, "हेमाशी कशी बोलू मग?"

"साधा फोन घेऊन देतो ना."

"तिचं तोंड दिसणार नाही."

"तोंड बघून काय करायचंय?" असं मी म्हणालो आणि हसलोही.

तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन पदराने पुसून, वरचं कव्हर काढून माझ्या हातात दिला. तिचं सिम बटणाच्या फोनमध्ये घालून दिलं मी. तिचा फोन डहाणूच्या दुकानात विकतो म्हणून नेला. संध्याकाळी तिने विचारलं, "विकला?" मी म्हणालो, "विकला."

विकला नव्हता. पंपाच्या खोलीत, स्टार्टरच्या मागे, पत्र्याच्या डब्यात ठेवला होता.

का? — मी स्वतःला किती वेळा विचारलंय. मन एका जागी बसेना, हे एक उत्तर. मुलांना चिठ्ठ्या लिहायला सांगणाऱ्या माणसाचे स्वतःचे खिसे चिठ्ठ्यांनी भरायला लागले होते. मॅच कोण जिंकलं. अमुक नट आता काय करतो. काहीही. मी तलासरीहून एक नवं सिम आणलं आणि ठरवलं, फक्त शंकेपुरतं बघायचं. शाळेतून आलो की झाडांना पाणी सोडायच्या निमित्ताने पंपाच्या खोलीत जायचो. शंका मिनिटभरात मिटायची. मी अंधार पडेपर्यंत तिथेच असायचो. वंदना एकदा कौतुकाने म्हणाली, फोन सोडल्यापासून तुम्ही वाडीत किती रमता.

आता मुख्य गोष्ट. मी तिच्याभोवतीच फिरतोय, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

सिम काढलं तरी त्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप वंदनाच्याच नंबरचं राहिलं होतं. हेमाचे निरोप त्यावर येत होते. सकाळची फुलं, सणाचे फोटो. हेमाला सांगितलेलं होतं की ताईकडे आता तो फोन नाही, तरी सवयीने पाठवत असावी. हिरव्या चौकोनावर आकडा दिसायचा. मला तो आकडा सहन होईना. एक दिवस उघडलं. नुसतं बघितलं. त्यात काय आहे, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हेमाचा निरोप होता: "ताई, निळ्या खुणा झाल्या! मला माहीतच होतं, तू भाऊजींना न सांगता ठेवशील. घाबरू नको, मी फोनवर विषय काढणार नाही. तू उत्तर देऊ नको, फक्त बघत जा."

त्या क्षणी डबा बंद करायचा होता. नाही केला.

त्यानंतर ती बोलून पाठवायला लागली. दुपारी सासू झोपली की पाठवायची, अगदी हळू आवाजात. नवऱ्याची नोकरी धड राहिली नव्हती, ते. मुलगा उलटून बोलतो, ते. लहानपणी झाईला दोघी वाळत टाकलेल्या माशांची राखण करायच्या, तेव्हा ताईने तिच्यासाठी कोणाचा तरी मार खाल्ला होता, ते. शेवटी गुजराती पद्धतीने निरोप घेत "आवजो ताई" म्हणायची. मी कानात वायर घालून, भिंतीला टेकून ऐकायचो.

आणि हेही सांगून टाकतो, कारण अर्धं सांगण्यात अर्थ नाही — मला ते आवडायला लागलं. शाळेत शेवटच्या तासाला मी घड्याळ बघायचो, आज काही आलं असेल का म्हणून. माझ्याशी असं कोणी कधी बोललं नव्हतं. वंदना नाही. पण मी तरी तिच्याशी कुठे बोललो होतो? घरात दोन माणसं, आणि मी पंपाच्या खोलीत बसून तिसऱ्याच माणसाचं मन ऐकत होतो. तेही माझ्या बायकोच्या वाटणीचं.

एका रविवारी हेमाचा साध्या फोनवर कॉल आला. वंदना भाजी निवडत होती म्हणून तिने स्पीकर लावला. मी समोरच बसलो होतो. इकडचं तिकडचं झाल्यावर हेमा म्हणाली, "ताई, तू ऐकतेस ना ग? मी सांगते ते सगळं?"

वंदना हसली. "ऐकते की. तुझं नाही ऐकणार तर कोणाचं ऐकू?"

 पलीकडून हेमा म्हणाली, "बस, मला तेवढंच पाहिजे." आवाज ओला झाला होता. फोन ठेवल्यावर वंदना मला म्हणाली, "हेमा आज अशी काय बोलली हो?" मी म्हणालो, "एकटी असेल दिवसभर."

काही महिन्यांनी तो निरोप आला. मी तो एकदाच ऐकला, पण शब्दन् शब्द लक्षात आहे. पिशवीचं ऑपरेशन सांगितलंय. डॉक्टरांनी गाठ तपासायला पाठवायची म्हटलंय. "ताई, मला भीती वाटते. माहेरी कोणाला सांगू नको म्हणून इकडून दम दिलाय, साध्या फोनवर बोलता येत नाही, कॉल लावला की सासू बाजूला येऊन बसते. तू ये. काहीतरी निमित्त काढून ये. सोमवारी मला नेणार आहेत. तू आलीस की मला धीर येईल."

तेव्हा शुक्रवार होता.

आता तुम्ही म्हणाल, सहज म्हणता आलं असतं — चल, खूप दिवस झाले, हेमाला भेटून येऊ. हो. आलं असतं. मी वाडीतून घराकडे येताना तेच वाक्य तोंडात घोळवत होतो. वंदना चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने वर बघून विचारलं, "काय झालं? चेहरा असा का?" आणि मी पुढचं सगळं बघितलं: आम्ही उंबरगावला गेलोय, हेमा ताईच्या गळ्यात पडून म्हणतेय, माझा निरोप मिळाला ना. आणि वंदना माझ्याकडे बघतेय.

"काही नाही," मी म्हणालो. "डोकं दुखतंय."

तिने चहा करून दिला. कपाळाला बाम लावला.

शनिवार गेला. रविवारी झाईच्या शाळेत माझं भाषण होतं, ते मी केलं. सोमवार गेला. त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं, आठवत नाही.

गाठ साधी निघाली. हेमा बरी झाली. वंदनाला ते कळलं पंधरवड्याने, झाईच्या भावाकडून. ती तशीच निघाली. मी मोटरसायकलवर मागे बसवून नेलं, न्यावंच लागलं. हेमा दाराशी आली. खूप वाळली होती. तिने पाणी दिलं, चहा दिला, सगळं दिलं. मग म्हणाली, "आता कशाला आलीस, ताई?"

"मला कोणी सांगितलंच नाही ग," वंदना रडायला लागली. "मला कळलं असतं तर आले नसते का?"

हेमाने तिच्याकडे बघितलं. मी ते बघणं विसरू शकत नाही. आयुष्यात ज्या एका माणसावर तिचा भरवसा होता, ते माणूस तिच्या तोंडावर खोटं बोलतंय, असं ते बघणं होतं. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असणार, भाऊजींसमोर ताई बोलू शकत नाही. तिने थोडी वाटही पाहिली. वंदनाला एकटीला आत बोलावून नेलं. मी बाहेर बसलो होतो. आतून वंदनाचा आवाज आला, "कसला निरोप? कसला फोन ग?"

हेमा बाहेर आली ती कप उचलायलाच. "ठीक आहे, ताई," एवढंच म्हणाली.

परतताना वंदना पाठीमागून विचारत होती, "मी काय केलं हो? ती कुठल्या फोनचं बोलत होती?" वारा होता. ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. घरी पोचल्यावर तिने पुन्हा विचारलं. तेव्हा मी म्हणालो, "आजारपणात डोकं फिरतं माणसाचं. आणि लोकं बदलतात, वंदना."

हे वाक्य. मला जे सांगायचं होतं ते हेच. निरोप ऐकले, ते झालंच. पण तिच्या बहिणीला मी वेडी ठरवलं, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

तो फोन मी खाडीत फेकला, असं सांगायला मला आवडलं असतं. नाही फेकला. व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकलं आणि व्हिडिओ बघत राहिलो, फोन आपोआप बिघडेपर्यंत. भाषणंही देत राहिलो. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल दिली, मुलांनी पाया पडून सांगितलं की सरांनी आम्हाला मन एका जागी ठेवायला शिकवलं. वंदना पहिल्या रांगेत बसली होती.

त्यानंतर मीच तिला नवा फोन आणून दिला. लोकांचं आता काय, म्हटलं. तिने सगळ्यात आधी हेमाला शोधलं. मला म्हणाली, "अहो, हिचा फोटो का दिसत नाही? नुसतं गोल येतंय."

हेमाने त्या भेटीनंतर ताईचा नंबर ब्लॉक करून ठेवला होता. मला बघताक्षणी कळलं. मी म्हणालो, "रेंज नसेल."

ती काही दिवस रोज दुपारी उघडून बघायची. मग बघेनाशी झाली. आता दुपारी ती ओसरीवर बसते, हातात काही काम नसतं. मी शेजारी बसतो. काय बोलायचं, ते मला अजून जमत नाही.

उंबरगाव इथून मोटरसायकलने तासाभराचा रस्ता आहे. गाडी चालू आहे. माझे गुडघे धड आहेत. हेमा दिवसभर घरीच असते. मी गेलेलो नाही.