दोनशे ग्रॅम, एक नळी इकडेतिकडे नाही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, एकदा मी सांगायला लागलो की मध्ये थांबवायचं नाही! चहा आला ना सगळ्यांना? माझा बिनसाखरेचा. का बिनसाखरेचा, तेच तर सांगतोय. माझी इतकी शोभा माझ्या लग्नातही झाली नव्हती हो!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "साखर काठावर आलीय. महिन्यात तीन किलो उतरवा, नाहीतर गोळी सुरू करू."

गोळीचं मला काही नाही. पण आमची सुनंदा शेजारच्या खुर्चीवर बसली होती ना! ती डॉक्टरांच्या देखतच म्हणाली, "तीन किलो उतरलं तर केमला हुरडा. नाही उतरलं तर ह्यांचा हुरडा बंद!"

अहो, हुरडा बंद! आता केम म्हणजे माझी सासुरवाडी. सासऱ्यांची ज्वारी तिथली. शेतात गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कोवळी कणसं त्यात भाजायची, तळहातावर चोळायची, आणि ते हिरवेगार गरम दाणे शेंगाचटणी लावून तोंडात टाकायचे. मी वर्षभर टॉवेल विकतो ते कशासाठी? त्या एका रविवारासाठी! त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो ते देवाला हात जोडूनच.

घरी आल्या आल्या लेकीला फोन लावला. प्रणोती पुण्यात नोकरीला आहे, तिला यातलं सगळं कळतं. ती म्हणाली, "बाबा, उपाशी अजिबात राहायचं नाही. मोजून खायचं. मी तुमच्या मोबाईलवर एक ॲप टाकून देते. रात्रीच्या जेवणाला तीनशे कॅलरी. बोला, काय आवडेल?"

मी म्हटलं, "पास्ता!"

तुम्ही हसताय, पण तिच्याकडे गेलो होतो तेव्हा खाल्ला होता, लई आवडला होता मला. ती म्हणाली, "चालेल की! दोनशे ग्रॅम घ्या. बरोबर तीनशे कॅलरी होतात. पण बाबा, नीट मोजून हं. आणि रोज वजनकाट्यावर चढू नका, उगाच जीव खालीवर होतो. महिन्यानं एकदाच बघा."

नीट मोजून! मला सांगते, नीट मोजून! अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. आमच्यात कापड किती जाड ते बघायला टॉवेलचा गोल तुकडा कापतात आणि बारक्या काट्यावर ठेवून ग्रॅमचा शंभरावा भाग बघतात. तो काटा मी दुसऱ्याच दिवशी उचलून थेट शुक्रवार पेठेतल्या घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर आणून ठेवला. सुनंदा बघतच राहिली.

"अहो, हे काय?"

"विज्ञान!"

पास्ता मी नळ्यांचा आणला होता. एकेक नळी काट्यावर टाकत गेलो. एकशे नव्व्याण्णव पूर्णांक काहीतरी झालं. अजून एक नळी टाकली तर दोनशेच्या वर! मग काय केलं असेल मी? देवघराशेजारच्या पानाच्या डब्यातून आईचा अडकित्ता आणला आणि नळी मधोमध कापली! बरोब्बर दोनशे. मी टाळीच वाजवली.

सुनंदानं पाणी उकळून त्यात नळ्या सोडल्या. थोड्या वेळानं तिची हाक आली.

"अहो, हे वाढतंय!"

"वाढू दे. वजन आधीच केलंय."

"पातेल्याच्या वर यायला लागलंय!"

"मग पातेलं बदल. पण एक नळी कमी करायची नाही. हिशेब चुकतो."

पातेलं बदललं. ताटात मावेना म्हणून परात घेतली. परातीत शीग लागली हो! वर सुनंदानं लसूण घातलेली टोमॅटोची झणझणीत आमटी ओतली. एवढं सगळं तीनशे कॅलरीत! मला तर त्या ॲपची आरती ओवाळावीशी वाटली. लोक काय ती काकडी चावत बसतात, वेडे कुठले!

सुनंदाला मात्र पहिल्या दिवसापासून शंका. पाकीट घेऊनच आली. "ह्याच्यावर शंभर ग्रॅमला साडेतीनशे लिहिलंय. तुमच्या मोबाईलवर दीडशे. असं कसं?"

आता मला सांगा, एक आकडा म्हणतोय परातभर खा आणि दुसरा म्हणतोय वाटीभर खा. तुम्ही कुणाचं ऐकाल? मी म्हटलं, "पाकिटावरचं जुनं असतं गं. ॲप रोज सुधारत असतं."

"आणि जरा जास्तच वाटतंय मला हे."

"वाटण्यावर जायचं नाही. मोजलंय मी!"

या एका वाक्यावर मी महिना काढला. तिसऱ्या चौथ्या दिवशी तर मला ते संपेना. अर्ध्या परातीतच धाप लागायची. पण नियम म्हणजे नियम! ॲपमध्ये दोनशे टाकलंय तर पोटातही दोनशेच गेलं पाहिजे. पाण्याचा घोट घेऊन, जरा फेऱ्या मारून, परत बसून मी शेवटची अर्धी नळीसुद्धा संपवायचो. असा कडक पथ्याचा माणूस तुम्ही बघितलाय?

सासुरवाडीच्या ग्रुपवर रोज परातीचा फोटो टाकायचो. खाली लिहायचो, 'फक्त तीनशे! ज्याला उतरायचंय त्यानं मला विचारा.' सगळे अंगठे दाखवायचे. मला वाटायचं, कौतुक चाललंय.

मग पँटी आटायला लागल्या. खरंच! आधी निळी आटली, मग करडी. मी सुनंदावर डाफरलो, "गरम पाण्यात घालतेस का गं?"

"गार पाण्यातच धुतलीय."

"मग कापडच हलकं निघालं. कापड आटतं, ते मला नको शिकवू. जन्म गेला माझा कापडात."

"तिन्ही पँटी एकाच महिन्यात आटल्या?"

"थंडी आहे!"

ती नुसती बघत राहिली. ते बघणं मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

महिना भरला. रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही केमला उतरलो. काय तो उत्साह माझा! काटा पिशवीत, पास्त्याचं पाकीट पिशवीत, म्हटलं सासुरवाडीला जरा करून दाखवू. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. मामा दारातच उभे.

"या जावईबापू! वाळलाय म्हनं?"

"बघा तुम्हीच!"

त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि घसा खाकरला. म्हणाले, "चला, सोक्षमोक्षच लावू."

पडवीत ज्वारीची पोती मोजायचा मोठा काटा होता. घरातली झाडून सगळी माणसं गोळा झाली. शेजारचे दोघंतिघं पण आले. डॉक्टरांकडे माझं वजन होतं अठ्ठ्याऐंशी. म्हणजे आता पंच्याऐंशी पाहिजे. मी बाह्या सारून ऐटीत चढलो.

ब्याण्णव!

मी उतरलो, परत चढलो. ब्याण्णव!

"मामा, तुमचा काटा बिघडलाय."

असं म्हणायला नको होतं हो. मामांचा चेहराच बदलला. "ह्या काट्यावर माल इकतो मी! आजवर कुनी बोट दावलं न्हाय." असं म्हणून त्यांनी खताचं पन्नास किलोचं पोतं ओढत आणलं आणि काट्यावर आदळलं. किती दाखवलं असेल? पन्नास. ना वर ना खाली.

मी म्हटलं, बूट असतील. बूट काढले. मोबाईल, किल्ल्या, पट्टा, पाकीट काढलं. स्वेटर काढला, मग शर्टही काढला. लग्नाला पंचवीस वर्षं झालेला जावई सासुरवाडीच्या पडवीत बनियनवर उभा! थंडीनं कुडकुडतोय, आणि काटा म्हणतोय एक्याण्णव.

"पण मी पथ्य मोडलं नाही हो!" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "सुनंदाला विचारा. रोज रात्री दोनशे ग्रॅम. शंभरावा भाग चुकला नाही माझा!"

मामींनी लेकीकडे बघितलं. "दोनशे ग्राम म्हंजी केवढं गं?"

सुनंदानं दोन्ही हात पसरून परातीचा आकार दाखवला. मग एक हात वर नेऊन शीग दाखवली.

मामी माझ्याकडे वळल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "जावईबापू, कोरडं मोजता का शिजल्यालं?"

"म्हणजे?"

"म्हंजी? अवो, वाटीभर तांदूळ शिजीवला तर भात वाटीभरच ऱ्हातो व्हय?"

मोबाईल उचलला, ॲप उघडलं. पहिलीच ओळ. पास्ता, स्वल्पविराम, कुक्ड. शिजवलेला! अहो, तो शब्द तिथं महिनाभर बसला होता! मी 'पास्ता' वाचायचो आणि थेट आकड्यावर जायचो. कोरडा दोनशे मोजून शिजवायचो, म्हणजे पोटात जायचा जवळजवळ अर्धा किलो. तीनशेच्या जागी सातशे कॅलरी. रोज! आणि पाकीट बिचारं पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं.

प्रणोतीला फोन लावला तर ती म्हणाली, "बाबा, ते तर कुणालाही कळतं ना?"

मामा तोवर नुसते मिशीत हसत होते. आता पुढं आले. "मागल्या दिवाळीला तुमीच सांगत होता की, ओलं सूत काट्यावर चढू देत न्हाय म्हनून. पान्याचं वजन आमी का घ्यावं, म्हनला होता."

"हो, म्हणजे..."

"आन तुमचा टावेल लई पानी पितो, म्हनून इकता न्हवं? मग ह्यो पास्ता काय पीत न्हाय व्हय?"

अख्खी पडवी फुटली! शेजारचे तर भिंतीला धरून हसत होते. सुनंदा पदर तोंडाला लावून खाली बसली ती उठेचना. मी शर्ट शोधत होतो आणि तो कुणाच्या तरी हातात होता.

शेतात गेलो. आगटी पेटली, कणसं भाजली, काय तो वास सुटला म्हणता! मला काम कुठलं? चोळायचं! माझे तळहात लाल होतायत आणि दाणे दुसऱ्यांच्या ताटात जातायत. चुकून दोन दाणे ओठांपर्यंत नेले तर वीस हातांवरून सुनंदा ओरडली, "अहो!"

मामींना मात्र दया आली. "जावयाला उपाशी ठिवायचं व्हय?" म्हणत त्या घराकडे गेल्या आणि माझ्यासाठी खास ताटली घेऊन आल्या. मी आशेनं बघितलं. पास्ता! माझ्याच पिशवीतला, माझ्याच काट्यावर मोजलेला, शिजवून दोनशे ग्रॅम. ताटलीचा एक कोपरासुद्धा भरला नव्हता. अख्ख्या शेतात हुरड्याचा धूर, आणि मी बांधावर बसून नळ्या चघळतोय.

शेवटी राहवेना. मी सुनंदाच्या जवळ सरकलो. "मूठभर हुरड्याच्या कॅलरी किती असतील गं?"

"मला काय माहीत? तुमच्या ॲपात बघा की."

बघितलं. वर गेलो, खाली गेलो, वेगवेगळं लिहून बघितलं. जगातली भाजी आहे, फळं आहेत, नाव घेता येणार नाही असं चीज आहे, पण हुरडा नाही! माझा आनंद गगनात मावेना. मी उभाच राहिलो आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडलो, "हुरडा ॲपमध्येच नाही! म्हणजे कॅलरी शून्य!"

मामा हातातलं कणीस खाली ठेवून म्हणाले, "सुनंदे, ह्यास्नी परत काट्यावर घे."

हुरडा मिळाला की नाही ते विचारू नका. मोबाईल मात्र तिथल्या तिथं जप्त झाला, आणि ते ॲप आता सुनंदाच्या फोनमध्ये चालतं.