टाकीखालच्या कपाटाचा श्वास

निम्मी फरशी पुसून झाली होती. वहिनींनी फडकं पिळलं आणि माशांच्या टाकीखालच्या कपाटाचं दार ओढलं, तर ते जागचं हलेना. फुगून चौकटीत रुतलं होतं. हिसका दिला तशी दमट, कोंदट हवा तोंडावर आली. आतल्या फळ्यांवर थेंब, कोपऱ्यात काळी बुरशी.

वर तीनशे लिटर पाणी, समोर खुर्चीत सासरे. अर्धांगवायूने वाचा गेल्यापासून ते दिवसभर माशांशीच काय ते बोलत, डोळ्यांनी.

"फळी खचली तर टाकी बाबांच्या पायावर येईल," नवरा म्हणाला. "सुतारमिस्त्रींना बोलावतो. ते टाकी नको म्हणाले, तर आजच मासे देऊन टाकू."

सासऱ्यांनी ऐकलं. नजर माशांवरून हलली नाही.

हे कपाट मिस्त्रींच्याच हातचं. चाळीस वर्षं करवतीच्या आवाजात काढून एक कान गेलेला, जीभ तिखट. पण लाकडाला आधी पालथा हात लावायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. आल्या आल्या आत डोकावून त्यांनी विचारलं, "बाजूची भोकं कुठं गेली?"

वहिनींनी मान खाली घातली. "झुरळं शिरायची. चिंध्या कोंबल्या. वरून कागद चिकटवला."

"कपाटाचा गळाच आवळलात की! आत टाकीच्या गाळणीचा डबा उघडा, रात्रंदिवस वाफ. तिनं जावं कुठं?"

नवरा हसला.

"तुम्ही नका हसू, साहेब. गाळणीवर झाकण घाला म्हणालो होतो. 'बघू' म्हणालात. बघितलंत?"

मग ते गुडघे टेकून एकेक फळी ठोकू लागले, चांगला कान लावून. वहिनींचा जीव टांगणीला. आपल्याच हाताने म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा घालवला की काय? मनातल्या मनात नामस्मरण चाललं होतं.

"दार आणि पाठ फुगलीय. कपाटाचे पाय ठणठणीत आहेत, सगळा भार त्यांच्यावरच. टाकी राहू द्या."

त्यांनी कागद फाडून चिंध्या उपसल्या, दार लोटलं, मेणबत्ती पेटवून विझवली आणि धुराची वात खालच्या भोकापाशी धरली. धूर घुटमळला आणि कुणी हाक मारल्यासारखा आत गेला. थोड्या वेळाने पलीकडच्या वरच्या भोकातून बारीक धागा निघाला, सरळ वर. ना पंखा, ना फुंकर.

वहिनींच्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं या घराचा कोपरान् कोपरा पुसला, आणि त्यात हवेची पायवाट आहे हे ठाऊकच नव्हतं! "कोण ओढतंय हो त्याला?"

"आतली ऊब. ती वर निघाली की खालून ताजी हवा येते. मी नुसतं भोक पाडलं, वहिनी. रस्ता आधीचाच."

सासऱ्यांचा चांगला हात हळूहळू उचलला गेला. बोट धुराच्या धाग्यामागे छतापर्यंत चढलं. वहिनींनी हात जोडले, कपाटाला की त्या बोटाला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"आठ दिवस दार उघडं ठेवा. आणि झुरळांचं माझ्याकडे लागलं," मिस्त्री उठत म्हणाले. पेन्सिल कानावर खोचून ते भोकांना लावायची बारीक तारेची जाळी आणायला निघाले.