वॉरंटीतला गुडघा आणि तेलाची बुधली

माझ्या डाव्या गुडघ्याला दोन वर्षांची वॉरंटी आहे. उजव्याला, तो आईच्या पोटातून आलेला असल्यामुळे, काहीच नाही.

डावा पाय मांडीपासून कसा गेला ते एका ओळीत सांगते: उसाने भरलेली ट्रॉली कलंडली आणि मी शेजारून चालले होते. झालं. रडायचं तेवढं मी दवाखान्यात रडून घेतलं. घरी आल्यावर बायका भेटायला येऊन रडायच्या, तेव्हा कुबड्या टेकत त्यांना चहा करून धीर मीच द्यायची. (एक जण तर "बाई गं, आता कसं व्हायचं तुजं" असं म्हणत तीन कप प्याली. साखर कमी आहे असंही म्हणाली!)

कोरेगावात आमची पिठाची गिरणी आहे. नवरा फौजेत गाड्या दुरुस्त करत होता तेव्हा चोवीस वर्षं ती मी चालवली. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी, म्हणजे छिन्नी, लावणं, बेअरिंगला तेल देणं, मोटरचा पट्टा घसरायला लागला की त्याला राळ फासणं, सगळं मी. गिरणीचा आवाज जरा बदलला तरी घरातून, गॅसवरची भाजी तशीच टाकून मी धावत सुटायची. कुठलंही यंत्र कुरकुरलं की मला चैन पडत नाही. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

तर माझे धाकटे दीर, विलासभावजी, एका संध्याकाळी आले आणि फार मायेने बोलायला लागले. ते मायेने बोलले की मी सावध होते.

"वैनी, लय राबला जन्मभर. आता बसून खावा."

"खाईन की. पण पीठ कोण दळणार?"

"तसं न्हवं वो. गिरणी म्हंजी दिसभर उभं ऱ्हायाचं काम. आन तुमचा तर..." असं म्हणून त्यांनी माझ्या पायाकडे, म्हणजे पाय नव्हता तिकडे, बघितलं. "गाळ्यात जेन्ट्स पार्लर टाकाया एक जण तयार हाय. एसी बसवनार हाय त्यो."

माझं डोकं असं तापलं! चोवीस वर्षं ज्या गाळ्यात मी गावाचं दळण दळलं, तिथे आता गावाच्या मिशा कातरणार!

"आसं करा भावजी," मी म्हणाले. "मी सांगलीला जाऊन पाय बसवून आनते. त्या पायावर हुबी राहून चार डबं दळून दावते. चारीच्या चारी. न्हाई जमलं तर किल्ली तुमची, गाळा तुमचा."

"आन जमलं तर?"

"तर तुमच्या घरचं दळण तुमी सोता डोक्यावर घिऊन यायचं. आन रांगंत हुबं ऱ्हायाचं."

नवरा कोपऱ्यात पेपर वाचत होता. त्याला गल्लीत सगळे सुभेदार म्हणतात. (निवृत्त झाला तेव्हा हवालदार होता, पुढची बढती गल्लीने दिली.) पेपर खाली न करता सुभेदार म्हणाले, "विलास, डब्याखाली चुंबळ घ्यायला इसरू नगंस."

सांगलीला पाय बसवणारे तांबोळी म्हणून आहेत. शांत माणूस. मांडीचं प्लॅस्टरने माप घेतलं, दोनदा बोलावून ते नीट बसतंय का पाहिलं आणि तिसऱ्या खेपेला पाय पुढे ठेवला. वर मांडी घालायचं पोकळ भांडं, खाली पाऊल आणि मधे काळा, लोखंडी गुडघा. ना बॅटरी, ना सेल. निव्वळ मेकॅनिकल! गुडघा बघून माझ्यापेक्षा सुभेदारच जास्त हरखले. लग्नात मला पाहिलं तेव्हासुद्धा त्यांचे डोळे एवढे चमकले नव्हते.

"हे बघा ताई," तांबोळी म्हणाले, "टाच टेकून वजन टाकलं की आतली चकती आवळून धरते, गुडघा वाकत नाही. वजन काढलं की सुटते, मग वाकतो. आणि ही स्प्रिंग पाय पुढे आणते. त्यामुळे आधी टाच, मग वजन. घाई करायची नाही."

"सर, ही स्प्रिंग कुठल्या पान्यानं आवळायची?" सुभेदारांनी विचारलं.

"तुम्ही आवळायची नाही," तांबोळी म्हणाले.

दोन दांड्यांच्या मधे मला उभं केलं. समोर आरसा होता. आरशात दोन पायांची एक बाई उभी होती आणि मी तिला लगेच ओळखलं. मला भरून आलं. रडणं संपलंय अशी माझी समजूत होती, पण थोडं शिल्लक निघालं. सुभेदारांनी मान वळवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर बराच वेळ वाचलं.

निघताना तांबोळींनी बजावलं. गुडघा रोज कोरड्या फडक्याने पुसायचा, कारण गिरणीतलं पीठ आत जाईल. मांडी थोडी आटेल, पाय सैल वाटला की आणखी एक मोजा चढवायचा. मी सांगलीच्या बाजारातून नव्या सँडल घेऊन गेले होते, त्यांच्याच उंचीवर त्यांनी पाय जुळवला होता, म्हणून कमीजास्त टाचेची चप्पल घालायची नाही. स्क्रूला हात लावायचा नाही. आणि तेल? थेंबभरसुद्धा नाही. काहीही वाटलं तर फोन. सुभेदारांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं, खाली सही केली आणि मला अंगठा द्यायला लावला. (मी बारावी पास आहे!)

तीन दिवस मी अंगणात कवायत केली. सुभेदार "आधी टाच! मग वजन!" असे ओरडायचे आणि रस्त्यावरून जाणारी माणसंसुद्धा टाच टेकून चालायला लागायची.

चौथ्या दिवशी आवाज आला. कुई.

डावा पाय टाकला की कुई. उजवा गप्प. पुन्हा डावा, कुई. देवघरापर्यंत सोळा कुई, परत येताना सोळा. दोन दिवस मी दात आवळून सहन केलं. तिसऱ्या दिवशी सुभेदार अंघोळीला गेले आणि मी गिरणीतली तेलाची बुधली आणली. फक्त चार थेंब. कोण बघतंय!

कुई थांबली नाही. म्हटलं, मुरायला वेळ लागत असेल. आणखी चार थेंब घातले.

दुसऱ्या दिवशी मोरीपाशी वजन टाकलं आणि गुडघा सर्रकन दुमडला. मी वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी धरली; दोरी, चिमटे आणि सुभेदारांच्या तीन चड्ड्या असा सगळा लवाजमा माझ्यासकट खाली आला.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. फरशी वली हुती."

"आगं, गुडघा सैल झालाय त्यो. दाव बरं हिकडं."

"हात लावायचा न्हाई! वहीत सही कुणाची हाय?"

"बरं," सुभेदार म्हणाले. चौतीस वर्षांच्या संसारात ते एवढ्या चटकन "बरं" कधीच म्हणाले नव्हते, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. दुपारी मी पाय काढून खाटेला टेकवून ठेवला आणि जरा आडवी झाले. तेवढ्यात ह्या माणसाने फौजेतली पान्यांची पेटी काढून स्प्रिंग दोन आटे आवळली!

मला काय ठाऊक? संध्याकाळी पाय उचलला तर तो झपकन पुढे आला. मला वाटलं, तेल लागू पडलं! खूश होऊन आणखी चार थेंब घातले. गुडघा अधूनमधून दुमडत होताच. ते बघून सुभेदारांनी गुपचूप आणखी एक आटा दिला. एका गुडघ्यावर दोन इंजिनियर, आणि दोघांचीही तोंडं बंद. सांगलीला एक फोन केला असता तर भागलं असतं. पण फोन करायचा म्हणजे तेलाचं सांगावं लागणार होतं.

मग पैजेचा रविवार उजाडला. अर्धी आळी डबे घेऊन गिरणीत हजर. विलासभावजींनी घरचा गव्हाचा डबा आणला होता आणि सोबत तो पार्लरवाला. त्याने माझ्यादेखत टेप काढून भिंत मोजायला घेतली!

"हितं आरसा येतोय," तो म्हणाला.

"तितं माझी राळ आन टाकी हाय," मी म्हणाले. "टेप आत घ्या."

मी धान्य ओतायच्या नसराळ्याची कड धरून उभी राहिले आणि मोटर चालू केली. काय सांगू! इतक्या महिन्यांनी तळपायाला ती थरथर लागली. (एकाच तळपायाला, पण दोन्हींची भरून निघाली.) पहिला डबा विनातक्रार दळला. विलासभावजी बारीक दळणाची खोड काढायची म्हणून चिमूट तोंडात टाकून उभे राहिले, पण काढायला खोड सापडेना.

दुसरा डबा त्यांचाच होता. तो अर्धा दळून झाला आणि मी पिठाचा डबा सरकवायला वळले. डावा पाय उचलला. तीन आटे आवळलेली स्प्रिंग सुटली! पाय असा ताडकन पुढे आला की सँडल पायातून निघाली, पार्लरवाल्याच्या कानाजवळून गेली, भिंतीला आपटली आणि थेट विलासभावजींच्या पिठात पडली. ढग उठला. त्या ढगात मी पाय टेकवला, वजन टाकलं आणि बारा थेंब तेल प्यायलेला गुडघा लोण्यासारखा सरकला. मी पिठाच्या डब्यासकट खाली.

"मेन स्विच बंद!" सुभेदारांनी गोळीबार सुरू झाल्यासारखी आरोळी ठोकली आणि स्वतःच बंद केला.

मी भुवयांपर्यंत पांढरी.

"वैनी, लागलं का?" विलासभावजींनी विचारलं. ते खरंच घाबरले होते. पण मी धडधाकट आहे हे बघून हळूच म्हणाले, "मग... आता किल्ली?"

"कसली किल्ली?" मी जमिनीवर बसून म्हणाले. "पडला त्यो गुडघा. मी हुबीच हाय!"

पार्लरवाल्याने माझ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं आणि टेप खिशात घातली. मी आठ दिवसांची मुदत मागितली नाही, जाहीर केली. किल्ली कनवटीला होती. काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही.

पण खरं सांगते, सांगलीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. पाय गेला तेव्हा नव्हती वाटली एवढी. गिरणी गेली तर सकाळी उठून मी जायचं कुठे? सुभेदारांनी शेंगदाण्याची पुडी तेवढी माझ्या मांडीवर ठेवली.

तांबोळींनी गुडघा उघडला. तेल टेबलावर ठिबकलं.

"हे काय?"

मी पंख्याकडे बघितलं. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. मग तांबोळींनी स्प्रिंग तपासली आणि म्हणाले, "आणि हे?" आता सुभेदार पंख्याकडे बघायला लागले.

"तुमी?" मी ओरडले.

"आन तू?" ते ओरडले.

"ताई," तांबोळी शांतपणे म्हणाले, "गिरणीच्या पट्ट्याला तेल लावता का हो तुम्ही?"

"छ्या! येड लागलंय का? घसरंल की पट्टा! त्याला राळ लाव..."

आणि मी थांबले. चोवीस वर्षं पट्टा घसरू नये म्हणून राळ फासणारी बाई, आणि ज्या चकतीच्या धरून ठेवण्यावर माझा सगळा देह उभा, तिलाच मी तेल पाजलं होतं!

"आतली चकतीपण तशीच धरते," ते म्हणाले. "तुम्ही पायऱ्यांवर असता म्हणजे? थोडक्यात वाचलात." मग त्यांनी चकती बदलली, स्प्रिंग सैल केली आणि सुभेदारांकडून वहीत नवीन सही घेतली. "वॉरंटीत ट्रॉली बसेल एक वेळ, पण तुम्ही दोघं नाही बसत."

"समदं खरं, सर," मी हट्टाने म्हणाले, "पर तो आवाज? मी काय उगंच घातलं का तेल? ऐका." आणि दांड्यांमधून चालून दाखवलं. कुई. "बगा! नवी चकती, तरी कुई!"

तांबोळी खाली वाकले. माझी डावी सँडल काढली. "आता उंची बदलली, दांड्या घट्ट धरा. दोनच पावलं टाका."

टाकली. शांतता.

मग त्यांनी ती सँडल हातात धरून मधोमध वाकवली.

कुई.

सुभेदार हसत बाहेर गेले ते अर्धा तास आलेच नाहीत. गुडघ्याने पहिल्या दिवसापासून तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, आणि औषध पाजलं होतं त्यालाच.

पुढच्या रविवारी मी चार डबे दळले. आधी टाच, मग वजन. चारीच्या चारी. चौथा संपला तेव्हा मी नसराळ्याची कडसुद्धा धरलेली नव्हती. विलासभावजी आता दर आठवड्याला डोक्यावर डबा घेऊन येतात, रांगेत उभे राहतात, आणि पुढे घुसायला बघितलं तर मी त्यांना मागे पाठवते. पार्लर शेजारच्या गाळ्यात निघालं. पीठ उडून एसी चोंदतो अशी तक्रार घेऊन पार्लरवाला आला होता. मी म्हणाले, आम्ही आधीपासून आहोत.

सँडल अजून कुई करते. टाचेच्या उंचीसाठी तीच घालावी लागते. परवा मला राहवेना, बुधली उचलली, झाकण काढलं आणि हात थबकला. सरळ सांगलीला फोन लावला.

"तांबोळी सर," मी म्हणाले, "सँडलला तेल घातलं तर चालंल का वो?"